तेरा आमदारांना अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत

अमरावती जिल्ह्यातले आठ आणि अकोला जिल्ह्यातले पाच असे तेरा आमदार आणि दिल्लीत बसणारे दोन खासदार, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. निवेदनं देऊन झाली. ती स्वीकारतानाचे फोटो तुमच्याच फेसबुकवर पडून आहेत. येत्या हिवाळी अधिवेशनाचं कामकाज नागपुरात ज्या दिवशी संपेल, त्या दिवसापर्यंत खाली विचारलेल्या गोष्टींची उत्तरं लेखी मिळाली पाहिजेत. नाही मिळाली तर आम्ही काय करणार, तेही खाली लिहिलं आहे. पक्ष आणि गट यांचा इथं संबंध नाही. कुरणखेडजवळ गाडी उलटली की आत बसलेला माणूस कोणत्या गटाचा, हे कोणी विचारत नाही.

‘वेळ लागतो’ ही सबब आधी निकालात काढू. ती दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याने सांगितली असती तर ऐकून घेतली असती, आपल्याला ती सांगता येत नाही. अमरावती ते चिखली चौपदरीकरणाचं काम २०१५ मध्ये आयएल अँड एफएसच्या कंपनीला गेलं, २०१८ मध्ये तो सगळा डोलारा कोसळला आणि आपल्या वाट्याला अर्धवट खोदलेला रस्ता आला. पावसाळ्यात डबकं, उन्हाळ्यात फुफाटा. बडनेऱ्याहून मुर्तिजापूरला दवाखान्यात निघालेला माणूस त्या रस्त्यावर किती रखडला, ते तुमच्या स्वीय सहायकांना विचारा, फोन त्यांनाच यायचे. पुढे कामाचे तुकडे करून ते नव्याने वाटलं गेलं. आणि मग ३ जून २०२२ ला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी लोणीपासून मान्यापर्यंत डांबरी काँक्रीट टाकायला सुरुवात झाली, ती ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता थांबली. १०५ तास ३३ मिनिटं. एका लेनचा सलग ७५ किलोमीटर थर. सातशेवर माणसं रात्रंदिवस जुंपलेली. कतारच्या दोहामध्ये २०१९ साली २५ किलोमीटरचा विक्रम झाला होता, त्याला १० दिवस लागले होते. आपण तो मोडला. गिनीजचं प्रमाणपत्र आलं, नितीन गडकरींनी देशाला सांगितलं, आम्हीही पेढे खाल्ले. वऱ्हाडातल्या मजुरांनी, रोलरवाल्यांनी आणि अभियंत्यांनी कमावलेला तो मान आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही.

पण त्यानंतर कोणीही, कोणत्याही खुर्चीवरून, ‘मंजुरी प्रक्रियेत आहे, थोडा वेळ लागेल’ म्हणायचा हक्क गमावला. ७५ किलोमीटरला १०५ तास लागत असतील, तर एका ब्लॅक स्पॉटला किती? ब्लॅक स्पॉट म्हणजे काय, हे केंद्रीय रस्ते मंत्रालयानेच ठरवून दिलं आहे : सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत ५ गंभीर अपघात किंवा १० मृत्यू. म्हणजे यादीत नाव येण्याआधी तिथे माणसं मरावी लागतात. ती मेली, यादी झाली, कागद जिल्हाधिकारी कार्यालयात पोचला. आता तिथे लागतं काय? क्रॅश बॅरिअर, कॅट आय, पिवळा ब्लिंकर, वळणाचे बाण, चौफुलीवर दिवे. विक्रम करणाऱ्या यंत्रणेला हे आठवड्याचंही काम नाही. पहिली मागणी म्हणून हीच लिहून घ्या : आपल्या मतदारसंघातल्या प्रत्येक ब्लॅक स्पॉटचं नाव, तिथे आजवर केलेलं काम आणि उरलेलं काम कधी संपणार ती तारीख. ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द नको.

ब्लॅक स्पॉटच्या यादीत कधीच न येणारी एक जागा मात्र जवळून दाखवायची आहे, कारण तुमच्या गाडीच्या उंचीवरून ती दिसत नाही. साइडपट्टी. हा काळ्या मातीचा मुलुख, माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. डांबराच्या कडेला टाकलेला मुरूम दोन पावसांत धुऊन जातो आणि डांबराची कड उघडी पडते. कुठे चार बोटं, कुठे वीतभर उंच. समोरून ट्रक ओव्हरटेक करत येतो, दुचाकीवाला घाबरून खाली उतरतो. मागे बायको, तिच्या मांडीवर लेकरू. ट्रक निघून गेल्यावर तो पुन्हा वर चढायला हँडल वळवतो, तर पुढचं चाक त्या कडेला घासतं. चढत नाही, घासत राहतं. तो आणखी वळवतो. मग चाक एकदम उसळून चढतं, गाडी आडवी होते आणि तिघंही रस्त्याच्या मध्यावर जाऊन पडतात. पंचनाम्यात लिहिलं जातं : ‘दुचाकीस्वाराचा ताबा सुटला.’ ती वीतभर कड पंचनाम्यात येत नाही. टेप लावून कोणी मोजत नाही. दर्यापूर, मोर्शी, बाळापूर, कुठलाही रस्ता घ्या, एकदा गाडीतून उतरा आणि त्या कडेवर स्वतःचा पाय ठेवून पाहा.

‘ताबा सुटला’ या दोन शब्दांवर आपली सगळी वाहतूक नीती उभी आहे. अपघात झाला की तुमच्याकडून येणारं पहिलं वाक्य मानवी चुकीचं असतं, दुसरं मदतीच्या रकमेचं. माणूस चुकतो, हे खरंच आहे. रात्रभर गाडी चालवणारा पेंगतो, पोरगं भरधाव सुटतं, म्हातारा रस्ता ओलांडताना अंदाज चुकतो. पण त्या चुकीची शिक्षा मरणच असावी का, हे धोरण ठरवणारा ठरवतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ठराव केला की माणूस चुकणार हे गृहीत धरून रस्ता बांधायचा, आणि मरणाची जबाबदारी रस्ता आखणाऱ्यांवरही टाकायची. तिथले रस्त्यांवरचे मृत्यू आज तेव्हाच्या निम्म्याहून कमी आहेत. आमदार-खासदारांनीच केलेलं काम आहे ते, कुठल्या साधूने नाही.

आपल्याकडे याच विदर्भातले केंद्रीय मंत्री गडकरी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत म्हणाले की आंतरराष्ट्रीय परिषदांत अपघातांचा विषय निघाला की आपल्याला तोंड लपवावंसं वाटतं. अपघात कमी करायचं ठरवलं होतं, ते वाढले, हेही त्यांनी कबूल केलं. देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर गेली. गडकरींच्या या कबुलीचा आम्ही मान राखतो. सत्तेतल्या माणसाने एवढं स्पष्ट बोलणं दुर्मीळ आहे. प्रश्न तुमचा आहे. त्या दिवसानंतर तुमच्यापैकी कोणी सभागृहात उभं राहून विचारलं का, की माझ्या जिल्ह्यात ही लाज किती जणांची आहे?

आता रात्रीच्या गाड्या. अमरावती आणि अकोल्यातून रोज संध्याकाळी स्लीपर ट्रॅव्हल्स पुण्या-मुंबईकडे सुटतात. त्यात आपली पोरं असतात. हिंजवडीत नोकरी, चाकणला कंपनी, कोणी परीक्षेला. ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकमध्ये पेटली, डझनभर माणसं गेली. नऊ महिन्यांनी, १ जुलै २०२३ ला, नागपूरहून पुण्याला जाणारी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला उलटली. दाराची बाजू खाली आली. डिझेल पेटलं. ३३ पैकी २५ जण आत जळाले. वाचले ते काच फोडून निघाले म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये आधी जैसलमेरला आणि दहा दिवसांनी कर्नूलला तेच झालं. चारही ठिकाणी प्रश्न एकच : बाहेर कसं पडायचं?

आज रात्री स्वतः जाऊन बघा. स्टँडबाहेर उभ्या असलेल्या कुठल्याही स्लीपरमध्ये शिरा आणि मागचं आपत्कालीन दार शोधा. त्याच्यापुढे पार्सलची खोकी रचलेली असतील, नाहीतर गादी टाकून जादा सवारी झोपलेली असेल. काच फोडायच्या हातोडीचा हुक असेल, हातोडी नसेल. चालकाला विचारा, किती तास झाले गाडीवर? तो हसेल. परिवहन खात्याचं कार्यालय अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही आहे, एमएच २७ आणि एमएच ३० अशा पाट्या तिथूनच मिळतात. गाडी सुटण्याआधी दार उघडून दाखवल्याशिवाय आणि दुसरा चालक हजर असल्याशिवाय ती हलता कामा नये, एवढं एक काम त्या कार्यालयांकडून करून घ्यायला कोणता कायदा नव्याने करावा लागतो? दिवाळीत तिकीट तिप्पट होतं तेव्हाही तुम्ही पत्रक काढता. या वेळी पत्रक नको.

पुलांचंही तसंच. महाडचा सावित्री पूल ऑगस्ट २०१६ मध्ये वाहून गेला तेव्हा राज्यातल्या सगळ्या जुन्या पुलांची तपासणी होणार होती. जून २०२५ मध्ये मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल पडला तेव्हाही होणार होती. मध्ये, ऑक्टोबर २०२२ मध्ये, अकोला-अकोट रस्त्यावरचा गांधीग्रामचा पूर्णेवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल तडे गेल्यामुळे बंद करावा लागला. तडे वेळीच दिसले म्हणून माणसं वाचली, हे मान्य. पण तिथून पुढे अकोटच्या माणसाला लांबचा वळसा घालून अकोला गाठावं लागलं. विद्यार्थी, दूधवाले, सर्वोपचार रुग्णालयात निघालेले रुग्ण, सगळ्यांनाच. नव्वदीपार गेलेल्या पुलाला पर्याय लागेल, हे बंद व्हायच्या दिवशी कळतं का? अमरावतीत राजकमल चौकातला रेल्वे उड्डाणपूल २०२५ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि शहराचे दोन तुकडे पडल्यासारखे झाले. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक जुन्या पुलाचा संरचनात्मक तपासणी अहवाल मराठीत, तहसीलच्या फलकावर लावा. पूल किती वर्षांचा, शेवटची तपासणी कधी, किती वजन झेपतं. त्यावरून रेतीचे ओव्हरलोड टिप्पर जातात तेव्हा ते कोणाच्या आशीर्वादाने जातात, हे आम्ही विचारत नाही. गाडी पकडली की अधिकाऱ्याचा मोबाइल वाजतो, तेवढा तो वाजायचा थांबवा.

मेळघाटबद्दल थोडक्यात, कारण तिथलं दुःख सगळ्यांना पाठ आहे आणि तरी बदलत नाही. मार्च २०२४ मध्ये एसटी दरीत गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ खासगी बस पुलावरून कोसळली. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, जंगलातून रुंदीकरण नको म्हणून वन खात्याची अडचण, ती अडचण योग्यही आहे. मग रुंदी वाढवू नका, कठडे बांधा. वळणावर आरसा लावा. वेग बांधा. धारणीपासून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, ‘अमरावतीला इर्विन रुग्णालयात न्या’ म्हणेपर्यंत माणूस संपतो. मोटार अपघातात जखमी झालेल्याला ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळावेत, अशी केंद्राची योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. धारणीत, चिखलदऱ्यात, अचलपुरात, मुर्तिजापुरात, दर्यापुरात त्यासाठी नेमलेलं रुग्णालय कोणतं, ते गावच्या बसथांब्यावर रंगवून लिहा. आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपये स्थानिक विकास निधी आहे. रंगाचा डबा त्यात बसतो.

आणखी एक गोष्ट, जी धोरण म्हणून कोणी बोलत नाही. मुर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर, दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी शकुंतला रेल्वे धावायची. ती मंद होती, तिची टिंगल व्हायची, इंग्रज कंपनीच्या मालकीचा विषय तर चघळून चोथा झाला. पण ती गरिबाला सुखरूप घरी पोचवायची. ती बंद पडली तेव्हा तिच्यातली माणसं घरी बसली नाहीत. ती काळी-पिवळीच्या टपावर आणि मोटारसायकलवर तिघं-तिघं आली. रेल्वे बंद करणं हा रस्ते सुरक्षेचा निर्णय असतो, हे मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं फुकट आहे. उलट अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा पूल बंद असलेल्या त्या लोकांना केवढा आधार झाला. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर विमान उतरलं, आनंद आहे. विमानात बसणारा माणूस बेलोऱ्यापर्यंत रस्त्यानेच जातो, इतकंच.

तुम्हाला हे दुःख ठाऊक नाही, असंही नाही. विधान परिषदेचे माजी आमदार विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ ला मुंबईला बैठकीला जाताना द्रुतगती मार्गावर अपघातात गेले. मदत वेळेत आली नाही, अशी तक्रार तेव्हा झाली. बच्चू कडू आमदार असताना, जानेवारी २०२३ मध्ये, अमरावतीतच सकाळी रस्ता ओलांडत होते. दुचाकीने उडवलं, डोक्याला मार बसला. मे २०२४ मध्ये पातूरजवळ दोन कार समोरासमोर आदळल्या, त्यात शिक्षक आमदार किरण सरनाईक यांच्या घरची माणसं गेली. त्या घरावर कोसळलेल्या दुःखाचं राजकारण इथं करायचं नाही. एवढंच म्हणायचं की लाल दिवा गेला तसा आमदारकीचं कवचही रस्त्यावर उरलेलं नाही. निदान आता तरी हा प्रश्न ‘जनतेचा’ म्हणून सोडून देऊ नका.

हत्यारं तुमच्या हातात आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, आश्वासन समिती. नागपूर करारामुळे एक अधिवेशन आपल्या दारात होतं, तिथे जायला तुम्हाला समृद्धीने दोन-तीन तास लागतात. या अधिवेशनात तुमच्यापैकी प्रत्येकाने रस्ते सुरक्षेवर किमान एक तारांकित प्रश्न लावला पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे, खासदारांच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती आहे. त्यांच्या बैठका कधी झाल्या, तुम्ही किती बैठकांना होता आणि काय ठरलं, ती इतिवृत्तं बाहेर काढा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम, एमएसआरडीसी, जिल्हा परिषद, महापालिका, यांच्यातला कोणता रस्ता कोणाचा, हे मेलेल्याच्या घरच्यांनी शोधत बसायचं नाही. ते तुम्ही आपसात ठरवा.

दुसऱ्या बाजूने आमच्याकडेही काही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं : रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने कोणी मेला किंवा अपंग झाला, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार आणि सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. एक लाख म्हणजे तुमच्या भूमिपूजनाच्या मांडवाचा खर्च, हे खरं. ती रक्कम वाढवायची भाषा खासदारांनी दिल्लीत करावी. पण दंड लहान असला तरी कागदावर कंत्राटदाराचं नाव येतं. आणि १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिला आहे, आणि ती जबाबदार कंत्राटदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करायची आहे.

म्हणून मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक अपघातानंतर पंचनाम्यात साइडपट्टीची उंची, फलक, दिवा आणि बॅरिअर यांची नोंद घ्यावी असा अर्ज ठाण्यात पडेल. ठाणेदाराने घेतला नाही तर पोस्टाने जाईल. जिथे खड्डा आहे तिथे भरपाईचा दावा लागेल, जिथे आखणी चुकली तिथे १९८-अ ची तक्रार. अर्जाचे नमुने आठवडी बाजारात फुकट मिळतील. भूमिपूजनाला गावातलं कोणी येणार नाही. ओवाळायला ताट नसेल, नारळ तुम्हालाच आणावा लागेल आणि मांडवात कंत्राटदाराशिवाय टाळ्या वाजवायला कोणी नसेल. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तेरा नावं वाचली जातील, प्रत्येकासमोर त्याने रस्ते सुरक्षेवर अधिवेशनात विचारलेल्या प्रश्नांची संख्या. शून्य असेल तर शून्य वाचलं जाईल.

रास्ता रोको करणार नाही. त्यात १०८ अडकते, आणि तिच्यात पडलेला माणूस आमचाच असतो. तुम्ही हवं तर याला कमजोरी समजा.

उत्तरं दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांच्या सूचना फलकावर आणि तुमच्या संपर्क कार्यालयाच्या दारावर लावायची आहेत. जागेचं नाव, कामाचं नाव, तारीख आणि खाली सही. ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’, ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही चार उत्तरं उत्तर म्हणून धरली जाणार नाहीत.